मुद्देमाल हलवण्यापूर्वी

प्रति,
मा. मंत्रिमहोदय, सार्वजनिक आरोग्य विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

मु. पो. चांदवड, जिल्हा नाशिक



ज्या माणसाची उमर तहसील कचेरीत कागद लिहिण्यात आणि लिहिलेले कागद पुढे सरकवण्यात गेली, त्याला आपले मागणे अर्जाच्या साच्यातच मांडण्याची खोड लागते, आणि ‘सबब विनंती की’ हे शब्द आल्याखेरीज आपले वाक्य पुरे झाले असे त्याला वाटत नाही. तरीही हा अर्ज नव्हे. अर्जाला आवक क्रमांक पडतो, आवक क्रमांक पडलेला कागद कोणत्या तरी टेबलावर जातो, आणि टेबलावर गेलेल्या कागदाची पुढे काय गत होते हे, त्या टेबलामागे मीच बसलेलो असल्यामुळे, मला पुरते ठाऊक आहे. म्हणून हे पत्र उघडे लिहिले आहे. आपल्याबरोबर ते चांदवड, देवळा, निफाड, येवला या तालुक्यांतल्या चार घरांतही वाचले जावे, आणि जमल्यास त्या घरांतल्या बायकांनी ते आधी वाचावे, अशी इच्छा आहे.

विषय स्तनाच्या कर्करोगाचा आहे. त्यातही शस्त्रक्रियेपूर्वी द्यावयाच्या औषधांचा. ज्या रोगाचा उल्लेख आमच्याकडे अजूनही आवाज उतरवून, ‘ती गाठ’ असा नुसत्या सर्वनामाने केला जातो, त्या रोगाच्या उपचारात गेल्या काही वर्षांत क्रमाचा मोठा पालट झाला आहे. आधी शस्त्र आणि मागाहून औषध असा जो जुना शिरस्ता होता, तो पुष्कळ रुग्णांच्या बाबतीत उलटून आधी औषध आणि मागाहून शस्त्र असा झाला आहे. या पालटाची वार्ता मला कोणत्याही ग्रंथातून कळलेली नाही; ती घरातूनच, आणि काहीशी उशिरा, कळली.

माझी धाकटी बहीण याच तालुक्यातल्या एका खेड्यात दिली आहे. गेल्या वर्षी वैशाखात, उन्हाळ कांदा चाळीत भरण्याची घाई चालू असताना, पदर खोचताना तिच्या हाताला काखेच्या बाजूस आवळ्याएवढी, टणक, बोटांखाली न सरकणारी गाठ लागली. दुखत काहीच नव्हते. पुढे मी रागावलो तेव्हा तिने जे उत्तर दिले ते मी विसरू शकत नाही: “भाऊ, दुखत असतं तर आलेच असते ना, न दुखणाऱ्याला काय दाखवायचं?” कांद्याच्या भावाची वाट पाहावी तशी तिने त्या गाठीच्या दुखण्याची वाट पाहिली. चाळ भरली, पहिला पाऊस पडला, पेरण्या उरकल्या, आणि मग ती माझ्याकडे आली.

आम्ही तिला एका लहान रुग्णालयात नेले. नाव लिहीत नाही. तक्रार गुदरणे हा या पत्राचा हेतू नाही, आणि तिथल्या माणसांनी जे केले ते वाईट बुद्धीने केले असेही मी मानत नाही. ‘साधी गाठ दिसते, काढून टाकू, दोन दिवसांत घरी’ असे सांगण्यात आले आणि आम्ही मोकळ्या मनाने रुकार दिला. गाठ निघाली. सलाइनच्या बाटलीत, वर चिकटपट्टी लावून, ती आमच्याच हाती देण्यात आली, आणि भाच्याला सवड मिळाली तेव्हा, म्हणजे तिसऱ्या दिवशी, मोटारसायकलच्या डिकीतून ती नाशिकच्या प्रयोगशाळेत पोचली. आठवड्याने अहवाल आला. गाठ कर्करोगाची होती, आणि काढलेल्या तुकड्याच्या कडा मोकळ्या नव्हत्या. म्हणजे रोगाचा काही भाग आत तसाच राहिला होता.

पुढची हकीकत या जिल्ह्यातल्या पुष्कळ घरांना सांगायला नको. पहाटे मनमाड गाठून पंचवटी एक्सप्रेस धरायची, दादरला उतरायचे, आणि फायलींची पिशवी छातीशी धरून परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या दारात उभे राहायचे. १९४१ साली उघडलेल्या त्या वास्तूने आपल्या राज्यातल्या किती खेड्यांची नावे ऐकली असतील याची गणती कोणी केली नसेल. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंचा पहिला प्रश्न होता, “ब्लॉक आणलेत का?” काढलेल्या मांसाचा तुकडा मेणात बसवून केलेली, आगपेटीहून लहान अशी चौकोनी वडी म्हणजे ब्लॉक, त्याच्याच पापुद्र्यासारख्या चकत्या काचेवर घेऊन रोगाची परीक्षा होते. ब्लॉक होता. परंतु आतला जीव, म्हणजे पेशींची ठेवण, तीन दिवस नुसत्या मिठाच्या पाण्यात राहून बिघडलेली होती. असा नमुना काढल्याबरोबर फॉर्मॅलिनच्या द्रावणात पडावा लागतो, आणि त्यात तो किमान सहा तास व फार तर बहात्तर तास राहावा असा दंडक आहे. तो पाळला न गेल्यामुळे पहिल्या तुकड्यावरची परीक्षा भरवशाची ठरेना. दुसरी शस्त्रक्रिया झाली, संपूर्ण स्तन आणि काखेतल्या ग्रंथी काढाव्या लागल्या, आणि त्या दुसऱ्या तुकड्यावरून निदान झाले: हर-टू, तीन अधिक, म्हणजे पक्का होकारार्थी.

त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी, कोणालाही दोष न देता, एक वाक्य उच्चारले. “आधी सुईने तुकडा घेतला असता तर आम्ही औषध आधी दिलं असतं.” घरी परतताना गाडीत मी त्या वाक्याचा विचार करीत होतो, आणि कसारा घाटात कधीतरी माझ्या कचेरीतल्या मेंदूला त्याचा अर्थ आपल्या भाषेत उमगला. चोरी झाली, आग लागली, खून पडला, तर पंचनामा होईपर्यंत जागेवरची काडी हलवायची नाही, हे गावच्या कोतवालालाही ठाऊक असते. पंचनाम्याआधी मुद्देमाल हलवला की पुढे न्यायाधीश कितीही हुशार असला तरी खटला लंगडाच चालतो. माझ्या बहिणीच्या बाबतीत पंचनाम्याआधीच मुद्देमाल हलवला गेला होता, आणि तो हलवायला आम्हीच संमतीच्या कागदावर अंगठे उठवले होते.

आता हा हर-टू म्हणजे काय, ते आमच्या गावच्या दाखल्याने सांगतो. होळकरांच्या अमलात चांदवडला टांकसाळ होती आणि येथे पडणारा चांदवडी रुपया दूरवर चाले. अशा टांकसाळीत ठसे मोजके असावेत, ते कुलपात असावेत, आणि वरून हुकूम आला म्हणजेच घण पडावा, हा कारभार. आपल्या प्रत्येक पेशीत हर-टू नावाच्या जनुकाचे असे दोनच ठसे असतात, आणि त्यांच्याबरहुकूम पेशीच्या पृष्ठभागावर ‘वाढ’ असा निरोप घेणारे काही ग्राहक-रेणू उभे राहतात. स्तनाच्या कर्करोगांपैकी साधारण पाचांत एका कर्करोगात या ठशांच्या नकला बेसुमार वाढतात, पृष्ठभागावर ग्राहकांची दाटी होते, आणि हुकूम आलेला नसतानाही टांकसाळ रात्रंदिवस चालू राहते. रोगाचा हा प्रकार पूर्वी अतिशय उग्र समजला जाई आणि तो तसा होताही.

या जनुकाच्या शोधात एक भारतीय हात आहे, हे आपल्याला कदाचित नवल वाटेल. अमेरिकेतल्या रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या मज्जातंतूंच्या गाठींवर काम करताना लक्ष्मीचरण पाधी या संशोधकाने १९८२ साली त्याची पहिली खूण टिपली; पुढे पाधी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करीत होते. लॉस एंजेलिसच्या डेनिस स्लेमन यांनी १९८७ साली दाखवले की ज्या स्त्रियांच्या गाठीत या जनुकाच्या नकला वाढलेल्या असतात त्यांचा रोग लवकर उलटतो; आणि त्या ग्राहकालाच जाऊन चिकटणारे, ट्रॅस्टुझुमॅब नावाचे प्रतिपिंड-औषध १९९८ च्या सप्टेंबरात अमेरिकेत मंजूर झाले. सगळ्या शरीरावर गोळीबार करणारी जुनी औषधे आणि नेमक्या इसमाच्या नावाचे वॉरंट घेऊन निघणारे हे औषध, यांतला फरक कोणाही पोलीस पाटलाला समजेल. पुढे पर्टुझुमॅब हे दुसरे औषध आले. हर-टूचे ग्राहक एकेकटे काम करीत नाहीत, शेजारच्या ग्राहकाचा हात धरून जोडीने करतात. ट्रॅस्टुझुमॅब ग्राहकाच्या एका अंगाला बसते, तर पर्टुझुमॅब जोडी जिथे जुळते नेमके तिथे बसून हात धरूच देत नाही. दोन्ही मिळून दिली तर एकाच दाराला दोन बाजूंनी अडसर पडतो.

ही जोडी शस्त्रक्रियेपूर्वी देऊन पाहण्याचा जो प्रयोग ‘निओस्फियर’ या नावाने झाला, त्याचे फळ २०१२ साली प्रसिद्ध झाले. ४१७ स्त्रियांचे चार गट केले होते. ट्रॅस्टुझुमॅब आणि डोसेटॅक्सेल ही नेहमीची रसायन-चिकित्सा एवढेच ज्यांना दिले, त्यांच्यापैकी २९ टक्के स्त्रियांच्या स्तनात शस्त्रक्रियेच्या वेळी रोगाचा मागमूस सापडला नाही. त्यात पर्टुझुमॅबची भर घातल्यावर हाच आकडा ४५.८ झाला. मला मात्र त्या तक्त्यातला सर्वांत धाकटा आकडा अधिक बोलका वाटला. रसायन-चिकित्सा अजिबात न देता केवळ दोन प्रतिपिंडे ज्यांना दिली, त्यांच्यातही १६.८ टक्के स्त्रियांच्या स्तनातली गाठ पार विरून गेली होती. केस न गळता, उलट्यांनी बेजार न होता, नुसत्या वॉरंटावर. याच आधारे सप्टेंबर २०१३ मध्ये पर्टुझुमॅबला शस्त्रक्रियेपूर्वी देण्याची मुभा अमेरिकेत मिळाली.

येथे माझ्यातला जुना कारकून मला थांबवतो आणि म्हणतो की दुसरी बाजूही नोंदवावी. गाठ विरणे आणि आयुष्य वाढणे या दोन गोष्टी एक नव्हेत. शस्त्रक्रियेनंतर पर्टुझुमॅबची भर घालण्याचा प्रयोग ४,८०५ स्त्रियांवर झाला, तेव्हा तीन वर्षांनी रोगापासून दूर राहिलेल्यांचे प्रमाण ९३.२ वरून ९४.१ टक्के झाले. म्हणजे शंभरांत एक. जिच्या काखेतल्या ग्रंथींपर्यंत रोग गेला आहे तिला त्याचा लाभ अधिक, आणि लहान गाठीच्या बाईला फारच थोडा. दोन सेंटिमीटरहून लहान आणि काखेत न उतरलेल्या गाठीला आजही शस्त्र आधी आणि ट्रॅस्टुझुमॅब मागाहून हाच मार्ग पुष्कळदा योग्य ठरतो. तेव्हा सरकारने सर्वांना सरसकट महाग जोडी द्यावी असे मी म्हणत नाही; ते म्हणणे सोपे आहे आणि लोकप्रियही होईल, पण खरे होणार नाही.

मग औषध आधी देण्यात एवढे काय साधते? साधते ते हे की गाठ जागेवर असते तोवर ती साक्षीदार असते. दर एकवीस दिवसांनी औषध जाते, दर खेपेस डॉक्टर हाताने, आणि मधूनमधून सोनोग्राफीने, गाठ मोजतात; औषध लागू पडते की नाही हे महिन्या-दोन महिन्यांत डोळ्यांना दिसते. सबंध स्तन काढण्याऐवजी थोडकाच भाग काढून भागेल अशी आशाही पुष्कळ जणींच्या बाबतीत उत्पन्न होते. आणि शेवटी शस्त्रक्रियेत काढलेल्या तुकड्यात रोग उरलाच, तर ती साक्ष वाया जात नाही, औषध बदलता येते. अशाच १,४८६ रुग्णांवर झालेल्या ‘कॅथरिन’ नावाच्या प्रयोगात, उरलेल्या रोगावर नुसते ट्रॅस्टुझुमॅब चालू ठेवलेल्यांपैकी तीन वर्षांनी ७७ टक्के रोगमुक्त होत्या, तर त्याच प्रतिपिंडाच्या पाठीवर विषाचा कण बांधून केलेले औषध ज्यांना दिले त्यांच्यापैकी ८८.३ टक्के. हा फरक शंभरांत अकरांचा आहे. परंतु हा लाभ कोणाला? ज्यांना औषध आधी मिळाले त्यांनाच. कारण ज्यांची गाठ आधीच काढून टाकली, त्यांच्या बाबतीत औषधानंतर काय उरले असते हे विचारण्याजोगा साक्षीदारच राहिलेला नसतो. माझी बहीण आज ट्रॅस्टुझुमॅब घेते आहे. ते तिला लागू पडते की नाही हे तिलाही माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही आणि मला तर नाहीच. आम्ही विश्वासावर सुया मोजतो आहोत.

आमच्याच गल्लीतल्या एका सुनेची गोष्ट याच्या उलट घडली, आणि तिच्यातून निराळाच धडा निघाला. बहिणीची हकीकत ऐकल्यामुळे तिच्या घरच्यांनी आधी सुईने तुकडा काढून घेतला. तोही हर-टू निघाला, औषधे आधी सुरू झाली, आणि तिसऱ्या फेरीअखेर तिच्या हाताला गाठ लागेनाशी झाली. सासूने रेणुकामातेच्या डोंगरावर जाऊन ओटी भरली, आणि घरात असा ठराव झाला की गाठच नाही तर शस्त्रक्रिया कसली? फेऱ्या थांबणार होत्या. तेव्हा तिच्या डॉक्टरांनी मोबाइलवर जुनी प्रतिमा उघडून, औषध सुरू करण्यापूर्वी गाठीच्या जागी बसवलेली तांदळाच्या कणीएवढी धातूची खूण त्या सासूबाईंना दाखवली. “गाठ जाणार म्हणूनच आम्ही ही खूण ठेवली होती,” ते म्हणाले. “आता या खुणेभोवतीची जागा काढून पाहिल्याशिवाय रोग गेला असं मी लिहून देऊ शकत नाही.” लिहून देणे या शब्दांचे वजन सासूबाईंना कळले. शस्त्रक्रिया झाली आणि तुकड्यात काही सापडले नाही. सांगायचे हे की आधी औषध देण्याच्या पद्धतीला तिचा स्वतःचा एक धोका आहे. औषध गुणकारी ठरले की माणसे उपचार सोडतात, आणि त्यांना मागे वळवायला दर तालुक्यात कोणीतरी फोन करणारे, तगादा लावणारे, नाव घेऊन विचारणारे माणूस नेमलेले असावे लागते.

पैशाची बाब टाळून चालणार नाही. रॉश कंपनीने ऑगस्ट २०१३ मध्ये ट्रॅस्टुझुमॅबचा भारतातील आपला पेटंटचा हक्क सोडला, आणि त्यानंतर काही महिन्यांतच बंगळूरच्या बायोकॉनने त्याचे जगातले पहिले समरूप औषध भारतीय बाजारात आणले. न्यायालयात पुष्कळ वाद झाले, पण औषध टिकले आणि मागाहून इतर कंपन्याही आल्या. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातले. पर्टुझुमॅबची, तसेच विषाचा कण बांधलेल्या त्या औषधाचीही, भारतीय कंपन्यांनी केलेली समरूपे आता मिळतात. टाटा स्मारकाच्या पुढाकाराने २०१२ साली उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय कॅन्सर ग्रिडने निरनिराळ्या रुग्णालयांची मागणी एकत्र करून चाळीस औषधांचा सौदा केला तेव्हा सुमारे १,३२० कोटी रुपये वाचले. लासलगावच्या बाजारात एकटा शेतकरी पाच क्विंटल कांदा घेऊन उभा राहतो तेव्हा त्याला काय भाव मिळतो, आणि शंभर जण एकजुटीने उभे राहतात तेव्हा काय मिळतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला या आकड्याचे आश्चर्य वाटणार नाही. राज्याची सर्व सरकारी आणि जन आरोग्य योजनेतली रुग्णालये अशाच एका सौद्यात का येऊ नयेत?

योजनेविषयी तर माझा प्रश्न अगदीच किरकोळ आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर गेली, ही मोठीच गोष्ट झाली आणि तिचा मान आपल्या विभागाला आहे. परंतु कोणती चाचणी, कोणते औषध, किती फेऱ्या आणि कोणत्या रुग्णालयात या योजनेखाली मिळतात, हे एका पानावर, मराठीत, मोठ्या टायपात छापून प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर का लागू नये? दुष्काळात तगाईच्या अटी चावडीवर लावल्या जात, तेव्हा अक्षरशत्रू माणूसही दुसऱ्याकडून वाचून घेत असे. माझ्या बहिणीच्या प्रत्येक मंजुरीमागे मला किती खिडक्या फिराव्या लागल्या ते लिहीत नाही. मी निदान खिडक्यांची भाषा जाणणारा आहे.

आणि सगळेच उपाय महाग आहेत असेही नाही. टाटा स्मारकाच्या डॉ. राजेंद्र बडवे यांनी देशातल्या काही केंद्रांमध्ये सुमारे सोळाशे स्त्रियांवर केलेला एक प्रयोग २०२३ साली छापून आला. शस्त्रक्रियेपूर्वी काही मिनिटे गाठीभोवती लिग्नोकेनचे, म्हणजे दात काढताना बधिर करायला देतात तेच, इंजेक्शन दिले, एवढेच. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्के झाले. कोणत्याही सरकारी रुग्णालयाच्या कपाटात असलेली ती बाटली आहे. तसेच मुंबईतल्या १,५१,५३८ स्त्रियांवर वीस वर्षे चाललेल्या, आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दोन-दोन वर्षांनी केवळ हाताने केलेल्या तपासणीमुळे पन्नाशीपुढच्या बायकांचे या रोगाने होणारे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी घटले. आमच्या आशाताई याहून अवघड कामे रोज करतात.

मला राहून राहून १९८६ चा नोव्हेंबर आठवतो. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन चांदवडला भरले होते, आणि लाखांनी बायका या गावात उतरल्या होत्या. बैलगाड्यांतून, ट्रकांतून, डोक्यावर भाकरीचे फडके घेऊन. मी त्या वेळी कचेरीत नवखा होतो आणि पाण्याच्या टँकरांच्या नोंदी ठेवण्याचे काम माझ्याकडे होते. माझी बहीणही त्या गर्दीत होती, कडेवर मूल घेऊन. आपण हिशेब मांडायचा, आपल्या श्रमाची किंमत आपण विचारायची, हे ती तिथे शिकली असे ती अजून सांगते. आणि तीच बाई स्वतःच्या शरीरातल्या गाठीपुढे दोन महिने गप्प बसली. तिला दोष देणे मला जमत नाही. जिथे विचारायचे ते ठिकाण चौसष्ट-पासष्ट किलोमीटरवर असेल, तिथे प्रश्न घरातच मुरतो.

तेव्हा मागणे एवढेच आहे. तालुक्याच्या पातळीवर, सरकारी असो वा खासगी, कोठेही स्तनातली गाठ सुईने तुकडा घेऊन तपासल्यावाचून कापून काढू नये, असा स्पष्ट हुकूम निघावा, आणि तो निघाल्यावर तो पाळता येईल अशी तजवीजही व्हावी. कारण तजविजीशिवाय निघालेले हुकूम मी जन्मभर फायलीत लावत आलो. सुई, ती चालवणारा शिकलेला हात, फॉर्मॅलिनची बाटली, तिच्यावर नमुना केव्हा काढला आणि केव्हा द्रावणात टाकला याची वेळ लिहिलेली चिठ्ठी, आणि आठवड्यातले दोन ठरलेले दिवस ज्या दिवशी ती बाटली नाशिकच्या प्रयोगशाळेकडे शासनाच्या जबाबदारीवर जाईल. भाच्याच्या डिकीतून नव्हे. हर-टूची परीक्षा दोन अधिक अशी संदिग्ध आली तर तिची पुढची, जनुके मोजणारी चाचणी कोणाच्या खर्चाने व्हायची, हेही त्याच कागदावर लिहिलेले असावे. हे झाले म्हणजे ट्रॅस्टुझुमॅब वेळेवर आणि आधी मिळेल; आणि ते सर्व गरजूंना आधी मिळू लागल्यावर, ज्यांच्या काखेत रोग उतरला आहे त्यांच्यासाठी जोडीतल्या दुसऱ्या औषधाचा प्रश्न आपण हाती घ्यावा. क्रम असा ठेवावा. उलटा ठेवला तर महाग औषधाची घोषणा होईल आणि सलाइनच्या बाटल्या तशाच डिकीत फिरतील.

बहिणीच्या ट्रॅस्टुझुमॅबच्या अजून पाच सुया बाकी आहेत. या औषधाने हृदयाचे बळ कमी होऊ शकते म्हणून ठरावीक काळाने टू-डी इको करावी लागते. पुढची येत्या महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी नाशिकला आहे. त्या खेपेस या पत्राची एक प्रत मी जिल्हा कचेरीत समक्ष देणार आहे आणि, हे पत्र अर्ज नव्हे असे वर लिहिले असले तरी, तिची पोच घेणार आहे.

आपला नम्र,
चांदवडचा एक सेवानिवृत्त अव्वल कारकून